वाढत्या अंगाचा लॅपटॉप

“वैनी, लॅपटॉपला काज करून देता काय?” असं विचारणारं गिऱ्हाईक माझ्या सबंध जन्मात एकच आलं, आणि तेही रस्त्यावरून आलं नव्हतं. प्लायवूडच्या पलीकडून आलं होतं.

शिवाजी पेठेत आमच्या घराखाली एक गाळा आहे. बाहेरून शटर एकच, पण आत मधोमध प्लायवूड उभं केलेलं. अलीकडं माझं शिलाई मशीन आणि दोरीवर टांगलेले शाळेचे गणवेश, पलीकडं भाऊजींचं लॅपटॉप दुरुस्तीचं टेबल. भाऊजी हे आपलं माझं म्हणणं, रक्ताचं नातं काही नाही. आमचे हे होते तेव्हा दोघं तालमीच्या पायरीवर संध्याकाळी गप्पा मारत बसायचे. हे गेल्यावर एवढा गाळा मला एकटीला कशाला, म्हणून अर्धा त्यांना दिला. गल्लीतली पोरं त्यांना ‘इंजिनेर’ म्हणायची. इंजिनेर ते नव्हतेच. रेडिओ उघडता उघडता टीव्ही शिकले, टीव्ही उघडता उघडता कॉम्प्युटर. मी पण तशीच, दुसऱ्यांची शिवण उसवून उसवून शिवायला शिकलेली. त्यामुळं आमचं जमलं असावं.

तर काजाचं सांगत होते.

“काज कशाला वो? बटणं लावणार हाय काय त्याला?” मी विचारलं.

“व्हय, बटणं बी लावायची हायत. पण ते मागनं. आधी काज.”

आणि प्लायवूडच्या वरून त्यांनी रेक्झिनचा एक काळा तुकडा माझ्या बाजूला सोडला. रिक्षाचं हूड शिवतात तसलं रेक्झिन. मधे खडूची खूण. त्यातून म्हणे वायर जाणार होती.

“नुसतं भोक पाडलं की फाटत जातंय,” पलीकडून आवाज आला, “आणि कुठं सुरू झालं, कुठं संपलं, ते बोटाला कळत न्हाय.”

मी काज करून दिलं. चांगलं जाड दोऱ्याचं, कड भरून. त्यांनी ते डोळ्यांपाशी धरलं नाही. अंगठा फिरवून बघितला आणि म्हणाले, “झकास.”

माणूस कसा होता म्हणाल, तर मी आधी त्यांचा डबा सांगेन. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. गडमुडशिंगीला धाकट्या बहिणीच्या घरी राहायचे आणि रोज सिटी बसनं पेठेत यायचे. हातात तीन पुड्यांचा स्टीलचा डबा. खालच्या पुड्यात भाकरी, मधल्यात कालवण, आणि वरचा पुडा रिकामा. एखाद दिवशी नव्हे, कायम. बहीण एकदा बाजाराला आली होती तेव्हा माझ्या मशीनपाशी बसून तिनं गाऱ्हाणं घातलं.

“अक्का, तुमी तरी सांगा ह्यास्नी. रिकामा पुडा रोज घासून द्याय लागतोय मला. बसमदी त्यो वाजतोय, लोकं म्हणत असत्याल, भनीनं भावाला उपाशी ठेवलंय.”

भाऊजी पलीकडून म्हणाले, “येतंय की दुपारपतोर काय तरी. जागा असली की येतंय. जागाच न्हाय म्हटल्यावर आल्यालं बसंल कुठं?”

“ऐकलासा?” बहीण म्हणाली. “हे असं. लहानपणापासनं असंच हाय.”

आणि खरंच यायचं हो. त्यांनी कधी कुणाकडं काही मागितलं नाही, नुसतं वरच्या पुड्याचं झाकण काढून टेबलाच्या कडेला ठेवायचे. मी थालीपीठ लावलं की एक त्यात जायचं. समोरची बाई गौरीच्या दिवसांत वड्या आणून टाकायची. लॅपटॉप न्यायला आलेला एखादा प्राध्यापक घरच्या झाडाचे चिक्कू ठेवून जायचा. संध्याकाळी डबा भरून मुडशिंगीला जायचा आणि बहीण त्यातलं खात खात पुन्हा भावाला बोलायची.

कपड्यांचंही तेच. मनिला शर्ट शिवायला टाकला की सांगायचे, आतनं एक जास्तीचा खिसा ठेवा. त्या खिशात त्यांनी कधी काही ठेवलेलं मी बघितलं नाही. धुतलेल्या मनिल्याला इस्त्री करताना मीच एकदा हात घालून बघितला. नुसती ऊब होती.

हा सगळा वेडेपणा लॅपटॉपात कसा शिरला, त्याला माझा जावई कारण झाला. जावई पुण्याला असतो, कॉम्प्युटरच्याच कंपनीत. सणाला आला तेव्हा त्याचा लॅपटॉप फार रेंगाळत होता. पापडासारखा पातळ, चंदेरी. मी कौतुकानं म्हटलं, आपल्या गाळ्यातच दाखव की. भाऊजींनी तो उलटा केला, तळावरून अंगठा फिरवून स्क्रू शोधले, मग हळूहळू ऊब देऊन कडा सोडवल्या. झाकण निघालं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कुणाच्या घरी मयताला गेल्यासारखे हात मांडीवर घेऊन बसले.

“पावणं,” म्हणाले, “हे शिवल्यालं न्हाय. चिकटवल्यालं हाय.”

“हो काका, आता सगळे असेच येतात. लोकांना पातळ पाहिजे ना.”

“पातळ पायजे ते ठीक हाय. पण उद्या जास्त लागलं तर? मेमरी डाख देऊन बसवल्या हितं. काढता येत न्हाय, घालता येत न्हाय.”

“जास्त लागलं तर नवीन घ्यायचा.”

भाऊजींनी प्लायवूडच्या कडेनं मान बाहेर काढली आणि माझ्या दोरीवरच्या शाळेच्या चड्ड्यांकडं बोट केलं. “ती बगा. आत दोन बोटं कापड दुमडून ठेवलंय. पोरगं उंच झालं की टीप उसवायची, चड्डी वाढत्या. काय म्हणता वो वैनी तुमी त्याला?”

“वाढत्या अंगाचं.”

“हां. वाढत्या अंगाचं. तसा लॅपटॉप पायजे.”

जावई हसला. तो काही वाईट नाही, चेष्टेखोर आहे. म्हणाला, “काका, तुमचा वाढत्या अंगाचा लॅपटॉप कुठं न्यायचा म्हटलं तर रिक्षा लागेल.”

आम्ही सगळेच हसलो. भाऊजीही हसले आणि जावयाचा लॅपटॉप होता तसा नीट मिटवून, पुसून परत दिला. पण तो शब्द त्यांनी ठेवून घेतला. त्यांच्याकडं जागा होतीच.

दुपारी आमची पेठ झोपते. अजूनही झोपते. दीडनंतर शटर अर्धं खाली ओढायचं, फरशीवर उन्हाची एक पट्टी उरायची आणि ती सरकत सरकत माझ्या पायापाशी यायची. मशीन बंद. कुठंतरी लांब एखादी रिक्षा, नाहीतर कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी. मी गणवेशाच्या ढिगाला टेकून डोळे मिटायचे आणि पलीकडून भाऊजींचं बोलणं सुरू व्हायचं. ते माझ्याशी बोलत की लॅपटॉपशी, ते मला कधी नक्की कळलं नाही.

कुणीतरी टाकून दिलेला एक जुना, जाडजूड लॅपटॉप त्यांनी घेतला होता. पडदा चांगला, आतला बोर्ड चांगला. त्याचा प्लास्टिकचा तळ काढून टाकला आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा नवा, मोठा तळ केला. त्या तळाला रेक्झिनचे खण. त्या खणांना ते देवळी म्हणायचे. घराच्या भिंतीत दिव्यासाठी असते तशी देवळी. एका देवळीत बॅटरी, एकीत जास्तीची डिस्क, एकीत स्पीकर. सगळ्यांच्या पाठीमागून एक पट्टी नेलेली, तिला जागोजागी तोंडं. जे पाहिजे ते जोडा, नको झालं की काढा. स्क्रू नाही, डिंक नाही. वर माझं झाकण, झाकणाला टिचबटणं.

“हे घर हाय वैनी,” दुपारचा आवाज यायचा. “आता खालच्या खोल्या झाल्या. पुढं सोपा काढूया, बसाय-उठाय. मग माडी. माडीवर गेलं की रंकाळा दिसंल.”

“लॅपटॉपवरनं?”

“दिसंल की. खिडकी कुठं ठेवायची त्यावर हाय.”

मी अर्धवट झोपेत असायचे, आणि खोटं कशाला सांगू, मला दिसायचं ते. पत्र्याचा जिना, जिन्याला वायरींचा कठडा, वर गार वारा आणि संध्याकाळचं तळ्याचं पाणी. जाग आली की समोर चौथीच्या पोरांच्या चड्ड्या.

अशाच एका दुपारी, माडीवरचं बोलणं चाललं असताना, त्याच आवाजात ते म्हणाले, “राजारामपुरीत डोळ्याच्या डॉक्टरकडं गेलतो काल.”

मी उठून बसले. “काय म्हणाले?”

“काचबिंदू. उशिरा आलासा म्हणाले. कडंनं मिटत येतंय. गेल्यालं परत येत न्हाय, हाय ते थेंब घालून टिकवायचं, जेवढं टिकंल तेवढं.”

प्लायवूडमुळं मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. ते बरं होतं.

“रिक्षात पाऊस आला की बाजूचं पडदं सोडत्यात बगा,” ते म्हणाले, “तसं झालंय. समोरचा रस्ता दिसतोय अजून.”

“मग आता?”

“आता काय. डोळं हायत तवर बोटांस्नी शिकवाय पायजे.”

तेव्हा मला ते काज कळलं; डॉक्टरच्या आधीच त्यांना चाहूल लागली असणार. रेक्झिन कळलं. लोकांना वाटायचं इंजिनेरला नाद लागलाय. नाद होताच, पण त्याच्या आत हे दुमडून ठेवलेलं होतं. मी विचारलं, की मग आताच सगळं जोडून का टाकत नाही, सारखी जागा, जागा काय करता.

“पुढच्या वर्सी मला काय लागंल ते आज मला म्हाईत न्हाय, वैनी. आज मोठी अक्षरं पुरत्यात. उद्या आवाज लागंल. परवा काय लागंल कुणास ठाऊक. जे लागंल ते मला माझ्या हातानं घालता आलं पायजे. दुसऱ्याकडनं उघडून घ्याय लागलं तर मग मी कोण राहिलो?”

मी आयुष्यभर वाढणाऱ्या पोरांसाठी कापड दुमडलं. एका बाजूनं कमी होत जाणार म्हणून दुसऱ्या बाजूनं जागा सोडा, असं सांगणारं माप मी पहिल्यांदाच घेत होते.

मग आमचं काम सुरू झालं. भाऊजींचं म्हणणं, प्रत्येक देवळीच्या झाकणाला कडेनं वेगळा टाका घाला, बोट फिरवलं की कळलं पाहिजे आत काय आहे. बॅटरीला मी धावदोरा घातला, लांब लांब. डिस्कला साखळी टाका. स्पीकरला गाठींचा. आणि चौथी एक देवळी होती, तिच्यात काहीच नव्हतं.

“हिला काय घालू?”

“तिला काय नको. साधी कड ठेवा.”

“पण हिच्यात काय बसणार हाय?”

“ठरल्यालं न्हाय अजून.”

टाके झाले की परीक्षा. त्यासाठी ते माझ्या बाजूला यायचे, कापायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवायचे, आणि मी म्हणायचे, “डोळं मिटा, भाऊजी.” ते मिटायचे. मी लॅपटॉप दोन-तीनदा गोल फिरवायचे, भोवऱ्यासारखा. मग ते चाचपायचे.

“ही बॅटरी. टिच. ही डिस्क. न्हाय, थांबा. गाठी हायत ह्या.”

“साखळी हाय ती.”

“रेक्झिनवर दोन्ही सारखंच लागतंय. उसवा.”

मी उसवायचे, पुन्हा घालायचे, गाठी मोठ्या करायचे. कधी कधी ते लबाडी करत.

“बघताय तुमी.”

“न्हाय वो.”

“पापणी हलली.”

“माशी बसली हुती.”

साठी उलटलेली दोन माणसं भर दुपारी आंधळी कोशिंबीर खेळत होती. समोरच्या बाईनं एकदा शटरखालून वाकून बघितलं आणि निघून गेली.

त्या लॅपटॉपमध्ये एक बाई पण राहायला आली. म्हणजे आवाज. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा, मराठीत. ती फार शुद्ध बोलायची आणि सगळं एकाच सुरात. भाऊजी तिला ‘पुण्याची पावणी’ म्हणायचे. ती म्हणायची, “बॅटरी जोडली आहे.” हे म्हणायचे, “व्हय बाई, मीच जोडल्या.” मला सांगायचे, “आहे म्हणत्या बगा. चार दिवस मुडशिंगीत राहिली की हाय म्हणाया लागंल.” एकदा मी गाळ्यात शिरले तर ते तिला समजावून सांगत होते की गल्लीचं नाव असं म्हणायचं नसतं, दुसऱ्या अक्षरावर जोर द्यायचा. ती ऐकून घेत होती. निदान उलट बोलत नव्हती.

राजारामपुरीत एका क्लासच्या हॉलमध्ये रविवारी काही तरुण मंडळी जमायची, हौसेनं यंत्रं उघडणारी. कुणी घरच्या घरी रोबोट करतंय, कुणी जुन्या मोबाईलचा कॅमेरा. त्यांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी भाऊजींना बोलावलं. भाऊजींनी आठवडाभर झोप घेतली नाही म्हटलं तरी चालेल.

तेव्हा टिचबटणांवरून आमचं वाजलं. मी म्हणत होते प्लास्टिकची घ्या. त्यांना लोखंडीच पाहिजेत.

“पत्र्याजवळ लोखंड कशाला? गंज धरंल.”

“प्लास्टिकचं मुक्यानं मिटतंय, वैनी. मिटलं का न्हाय ते कानाला कळाय पायजे.”

शेवटी लोखंडीच लावली. रविवारी आम्ही रिक्षा केली. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळलेला, निम्मा त्यांच्या मांडीवर, निम्मा माझ्या. मला जावयाची आठवण झाली आणि हसू आलं. त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

हॉलमधली पोरं-पोरी चांगली होती. टेबलाभोवती गोळा झाली. “लई भारी, काका.” “हे काय, रेक्झिन?” “शिवलंय कुणी?” मी पदर सारखा केला. भाऊजींनी सगळ्यांना सांगितलं, बघा, मी डोळे मिटून बॅटरी काढून घालणार. पावणी बोलत होती. त्यांनी धावदोरा शोधला, झाकण उघडलं, बॅटरी काढली. जास्तीची बॅटरी होती ती, त्यामुळं पावणी बोलतच राहिली. मग बॅटरी परत घातली, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून झाकण जरा जोरातच मिटलं. टिच.

बटणाची मागची बाजू रेक्झिनमधून आत उतरली होती. ती आतल्या पट्टीला टेकली. एक बारीक ठिणगी, जळका वास, आणि पावणी शब्दाच्या मधेच गप्प झाली.

“शॉर्ट,” कुणीतरी हळूच म्हणालं.

भाऊजींनी डोळे उघडले नाहीत. बोट त्या बटणावर तसंच. एक मुलगा त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणाला, “काका, जाऊ दे. एवढा त्रास कशाला, बाजारात तयार मिळतो की.”

“मिळतो की,” भाऊजी म्हणाले.

परतीच्या रिक्षात मांडीवरच्या टॉवेलातून अजून वास येत होता. माझ्या मनात येत होतं की हे आता प्लायवूडपलीकडं बसतील आणि माडीबिडी सगळं संपेल. पेठेत वळता वळता ते म्हणाले,

“वैनी, आवाज बरा आला न्हवं का पण?”

“कुठला?”

“मिटल्याला.”

“आला,” मी म्हटलं. “मागच्या भिंतीपतोर गेला.”

“मग झालं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी उघडून बघितलं. जळाली होती ती फक्त पट्टी. बोर्ड चांगला, डिस्क चांगली, बॅटरी चांगली. पट्टी उसवून नवी घातली, तासाभरात पावणी बोलायला लागली, काही झालंच नाही अशी. “चिकटवल्यालं असतं तर सगळंच गेलं असतं,” ते म्हणाले, आणि त्या दिवशी डब्याचा वरचा रिकामा पुडा त्यांनी स्वतः माझ्यापुढं आणून ठेवला. बटणं लोखंडीच राहिली. फक्त प्रत्येकाच्या खाली सायकलच्या ट्यूबची चकती बसवली. चकत्या मी कापल्या, जुन्या बाटलीचं झाकण ठेवून, माझ्या जुन्या कात्रीनं. नव्या कात्रीनं रबर कापायला मी कुणालाही देत नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं ते मला सलग सांगता येणार नाही. तुकडे आठवतात. भाऊजी बसमधून उतरून भिंतीला हात लावत यायला लागले. मी बोलले की लगेच मला ओळखत, आणि बोलले नाही तर समोरून तसेच पुढं जात. एकदा तालमीची पोरं फुटबॉलची मॅच जिंकून गुलाल उधळत गल्लीतून गेली. सगळे दारात उभे होते. भाऊजीही शटरपाशी उभे राहून हसत टाळ्या वाजवत होते, मिरवणूक कोपऱ्यावरून वळून गेल्यानंतरही थोडा वेळ, गुलाल खाली बसेपर्यंत. मी त्यांच्या खांद्यावरचा गुलाल झाडला. “कुठला रंग हाय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गुलालाचा कुठला असणार. तेव्हा माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

आमच्या परीक्षा मात्र चालूच होत्या. एके दुपारी ते असेच माझ्या बाजूला आले. उन्हाची पट्टी फरशीवर होती. लॅपटॉप टेबलावर ठेवला. मी सवयीनं म्हटलं, “डोळं मिटा, भाऊजी.”

त्यांनी मिटले नाहीत. माझ्या डोक्याच्या जरा वरती, दोरीच्या बाजूला बघत ते म्हणाले, “आता गरज न्हाय, वैनी.”

मी लॅपटॉप फिरवायला हात पुढं केला होता. तो तसाच राहिला.

“फिरवा की,” ते म्हणाले.

मी फिरवला. एकदाच. त्यांचे हात आले आणि कडेवर टेकले. धावदोरा. झाकण उघडलं, बॅटरी निघाली, परत गेली. टिच. साखळी. टिच. गाठी. टिच. कुठं अडखळले नाहीत, थांबले नाहीत. माझे सगळे टाके त्यांच्या बोटांखालून असे गेले, जशी रस्त्यानं जाताना ओळखीची घरं मागं जातात. पावणी म्हणत होती, जोडली आहे, जोडली आहे. शेवटी बोट साध्या कडेवर आलं. ते झाकण त्यांनी उघडलं, दोन बोटं आत घातली आणि तशीच ठेवली.

“आत काय न्हाय,” समाधानानं म्हणाले.

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. “अंधार दिसतोय काय वो?”

“अंधार न्हाय. सकाळी धुकं असतंय न्हवं मुडशिंगीच्या रस्त्याला, तसं. बरं असतंय.” मग म्हणाले, “आणि स्वप्नात अजून कडंपतोर दिसतंय. काल माडी दिसली.”

“आणि रंकाळा?”

“पाणी दिसलं. रंकाळाच असणार.”

त्यानंतर त्यांचं येणं फार दिवस टिकलं नाही. एकट्यानं बसनं येणं जमेना, आणि रोज कुणी आणून सोडायचं म्हणजे ते त्यांना पटेना. बहीण एके दिवशी त्यांना बरोबर घेऊन टेंपोनं आली. टेबल गेलं, हत्यारांची पेटी गेली. लॅपटॉप त्यांनी कुणाच्या हातात दिला नाही, टॉवेलात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेतला. बहीण मला म्हणाली, “अक्का, तिकडं बी रिकामा पुडा पायजेच म्हणणार बगा ह्यो.” मी आत जाऊन डब्याचा वरचा पुडा भरला. गरम थालीपीठं होती, झाकण बसेना.

भाऊजी टेंपोत बसल्यावर म्हणाले, “वैनी, त्या प्लायवूडचं काय ते तुमी बगा.”

आता ते बहिणीच्या सोप्यात बसतात. मुडशिंगीची कॉलेजची पोरं लॅपटॉप घेऊन जातात, हे उघडतात. चिकटवलेला आला की अजून चिडतात म्हणे. वापरून वापरून धावदोरा झिजला की बहीण बाजाराच्या दिवशी ते झाकण माझ्याकडं आणते आणि मी पुन्हा घालून देते. माझेही डोळे आता सुई ओवताना कटकट करतात, पण टाका चुकत नाही. मधे एकदा त्यांचा फोन आला. मागं पावणी काहीतरी वाचत होती.

“काय म्हणत्या पावणी?”

“अजून ‘आहे’च म्हणत्या. न्हाय शिकायची ती.”

“आणि ती चौथी देवळी? काय बसवलासा का न्हाय तिच्यात?”

“न्हाय अजून,” ते म्हणाले. “येतो कवा तरी तिकडं. मग बगू.”

माझ्या गाळ्यात प्लायवूड आहे तसंच आहे. पलीकडं काही नाही. फरशीवर टेबलाच्या पायांचे डाग, आणि दुपारी उन्हाची पट्टी माझ्या पायापाशी न थांबता तिकडंही जाते. गेल्या आठवड्यात मोबाईलचं दुकान टाकायचं म्हणून एक तरुण माणूस आला होता. चांगला होता, नम्र होता. वाकून पलीकडं बघत म्हणाला, “काकू, निम्मा गाळा मोकळाच दिसतोय. देणार काय?”

“न्हाय,” मी म्हटलं.

“मग काय ठेवणार हाय तितं?”

मी चड्डीची टीप घालत होते, आत दोन बोटं कापड दुमडून. मशीन थांबवलं नाही.

“ठरल्यालं न्हाय अजून,” मी म्हटलं.